चुकला आणि विकला

सर, नमस्कार.

आम्ही कोल्हापुरात एका जुन्या पेठेत राहतो. पेठांची नावं मुद्दाम लिहीत नाही. मुलगा आठवीत आहे. महिन्यापूर्वी शाहू स्टेडियमवर फायनल झाली, त्यात आमच्या पेठेचा संघ होता. एक-एक बरोबरी असताना अगदी शेवटच्या मिनिटाला आमच्या पोरांनी गोल मारला आणि लाइन्समननं झेंडा वर केला. ऑफसाइड. मॅच टायब्रेकरला गेली आणि आम्ही हरलो. मुलगा वडिलांबरोबर गॅलरीत होता. रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या शर्टाच्या आत संघाचा टी-शर्ट घालून गेला. मधल्या सुट्टीत जिंकलेल्या पेठेतल्या एका मुलानं डिवचलं, ह्यानं वरचा शर्ट काढून टी-शर्ट दाखवला, मारामारी झाली, त्या मुलाचा ओठ फुटला. बाईंनी वर्गासमोर ह्याला टी-शर्ट उतरवायला लावला आणि ऑफिसच्या कपाटात ठेवला. अजून तिथंच आहे. दुसऱ्या दिवशी परिपाठाला सूचना झाली की कुठल्याही संघाचा टी-शर्ट, टोपी, पट्टा शाळेत चालणार नाही. मुलगा म्हणतो, क्रीडादिनाला अर्ध्या वर्गानं अर्जेंटिना-ब्राझीलचे टी-शर्ट घातले होते ते चाललं, मग आपल्या पेठेचाच का नाही? माझ्याकडे उत्तर नाही.

ह्यांनी त्या लाइन्समनचा फोटो स्टेटसला लावून खाली "विकला गेला" असं लिहिलंय. आता मंडळाची दहा-बारा पोरं घेऊन शाळेत जायचं म्हणतात. त्यात माझं माहेर नेमकं त्या दुसऱ्या पेठेतलं. मुलगा तेव्हापासून मामाकडे गेला नाही, त्याचा फोनही घेत नाही.

मला एकच विचारतो, "आई, सगळ्यांना दिसलं, मग पंचालाच का दिसलं नाही?" काय सांगू?

– एक आई, कोल्हापूर

ताई,

पेठांची नावं लिहिली नाहीत ते फार बरं केलंत. नाव कळलं की आपल्या गावात वाचणारा निम्मा निकाल तिथंच लावून मोकळा होतो.

आधी मुलाच्या प्रश्नाकडं येतो. तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यांत शहाणा प्रश्न त्याचा आहे, आणि महिनाभरात त्याला कुणी सरळ उत्तर दिलेलं दिसत नाही. वडिलांनी स्टेटस लावलं, शाळेनं कपाट लावलं. तुम्ही कदाचित म्हणाला असाल, "जाऊ दे रे, एक मॅच तर होती." म्हणाला असाल तर परत म्हणू नका. त्याच्यासाठी ती एक मॅच नव्हती. थंडीत हंगाम सुरू झाल्यापासून तो त्या संघामागं फिरतोय, कोण जखमी आहे, कुणाला दोन पिवळी कार्डं झालीत, हे त्याला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ असणार. त्याचं दुःख खरं आहे, असं घरातल्या एका मोठ्या माणसानं त्याला तोंडानं सांगायला हवं.

मग त्याला विचारा, ऑफसाइड कधी बघतात? बहुतेक मुलं सांगतात, चेंडू मिळतो तेव्हा. तसं नाही. मागून पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो, त्या क्षणी पुढचा खेळाडू कुठं होता हे बघायचं असतं. समोरच्या संघाचा शेवटून दुसरा खेळाडू, म्हणजे बहुतेक वेळा गोलकीपर सोडून शेवटचा डिफेंडर, त्याच्याही पुढं, गोलच्या जवळ आपला खेळाडू असेल तर ऑफसाइड. म्हणून त्या डिफेंडरच्या रेषेत लाइन्समननं स्वतःला ठेवायचं. तो पुढं आला की आपण पुढं, तो मागं गेला की आपण मागं. आणि हे करताना तीस-चाळीस मीटर लांब, मैदानाच्या मध्यात पास देणाऱ्याच्या पायाकडंही लक्ष ठेवायचं. डोळे दोन असले तरी नजर एकच असते. पायावरची नजर रेषेवर येईपर्यंत तो क्षण गेलेला असतो. गोलकडं सुटलेला फॉरवर्ड सेकंदाला सहा-सात मीटर पळतो, आणि डिफेंडर नेमका त्याच वेळी उलटा वर येत असतो. सेकंदाच्या दहाव्या भागात दोघांमध्ये मीटरभर अंतर पडतं. पास सुटला तेव्हा दोघं एका रेषेत होते, आणि एका रेषेत असणारा ऑफसाइड नसतो. पण झेंडेवाल्याची नजर पोचली तेव्हा फॉरवर्ड चांगला दोन हात पुढं गेलेला. त्यानं जे पाहिलं ते खरंच पाहिलं, पण उशिरा पाहिलं.

आता "सगळ्यांना दिसलं" हे. त्यासाठी स्वयंपाकघरात एक खेळ करा. फरशीच्या एका सरळ सांध्यावर एक वाटी ठेवा. त्याच सांध्यावर पाच-सहा फुटांवर दुसरी. मुलाला सांध्याच्या टोकाशी गुडघ्यावर बसवा आणि एक डोळा मिटून बघायला सांगा. एका वाटीमागं दुसरी वाटी, सरळ रेषेत. आता त्याला दोन फरश्या डावीकडं सरकवा. एक वाटी पुढं गेलेली दिसेल. उजवीकडं सरकवा, तीच वाटी मागं पडलेली दिसेल. वाट्यांना कुणी हातही लावलेला नाही. गॅलरीत तुमचा लेक ज्या पायरीवर बसला होता ती त्या डिफेंडरच्या रेषेत होती का, हे त्यालाच ठरवू द्या. मोबाइलवर जो व्हिडिओ फिरतोय, तो काढणाराही कुठल्या तरी पायरीवरच उभा होता.

म्हणजे गोल ऑफसाइड होता, असं मी म्हणत नाही. मी त्या रेषेत नव्हतो. कदाचित गोल शंभर टक्के बरोबर असेल आणि तुमच्या पोरांचा कप झेंड्याच्या एका चुकीनं गेला असेल. तसं होतं. मुलाला हेही स्पष्ट सांगा, की तुझं बरोबर असू शकतं. त्याला निम्मा धीर तिथंच येईल.

हे मी इतक्या खात्रीनं लिहितोय, कारण मी ते केलेलं आहे. बावीस वर्षं मी शाळेत खेळ शिकवला आणि शाळाशाळांच्या सामन्यांत शिट्टीही वाजवली. एका सेमीफायनलच्या आदल्या रात्री पाऊस झाला होता. मैदान ओलं, रेषांवर सकाळी घाईघाईत मारलेली पांढरी फक्की. दुसऱ्या हाफमध्ये एका दहावीतल्या पोरानं लांबून फटका मारला, चेंडू वरच्या आडव्या बारला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. मी मागं राहिलो होतो, पंचवीस मीटर तरी. मला फक्की उडाल्यासारखी वाटली, म्हणजे चेंडू रेषेवर पडला. मी खेळ चालू ठेवला. ती शाळा एक-शून्यनं हरली.

मॅच संपल्यावर मी गोलपोस्टकडं चालत गेलो. रेषेच्या मागं, फक्कीपासून चांगला वीतभर आत, ओल्या मातीत चेंडूचा ठसा होता. गोल, स्वच्छ, कडेला मातीची बारीक उठलेली किनार. फक्कीला चेंडू शिवलाही नव्हता. वळून बघतो तर तो पोरगा माझ्या मागं उभा. त्यालाही ठसा दिसला होता. तो म्हणाला, "सर, आत हाय न्हवं?"

मी म्हणालो, "हो. गोल होता. माझी चूक झाली."

तोपर्यंत तो रडला नव्हता. तिथं रडला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो, दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. खेळातल्या घटनेबद्दल पंचानं दिलेला निर्णय अंतिम असतो, गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय हेसुद्धा त्यात आलं, असं फुटबॉलच्या नियमावलीतला पाचवा नियमच सांगतो. शेवटची शिट्टी झाली की पंचाला स्वतःचा निर्णयही बदलता येत नाही.

पण मला तुम्हाला जे सांगायचंय ते ह्याच्या पुढचं आहे. फाटकाशी त्या शाळेचे काही पालक थांबले होते. मी सायकल घेऊन निघालो तेव्हा ते ओरडले, "पैसे खाल्ले! पैसे खाल्ले!" मी मान खाली घालून निघून आलो. दुसऱ्या दिवशी माझी मुलगी, तेव्हा सहावीत होती, शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि मला विचारलं, "बाबा, तुम्ही किती पैसे घेतलेत?"

चुकलो हे मी त्या पोरापुढं कबूल केलं होतं, त्याचं ओझं मी वागवू शकत होतो. ह्या दुसऱ्या शब्दाला माझ्याकडं काही उत्तर नव्हतं, कारण जे घडलंच नाही ते घडलं नाही हे सिद्ध कसं करायचं?

पंच चुकला आणि पंच विकला. बोलताना एका अक्षराचा फरक. आपल्या गॅलरीत पहिल्या शब्दावरून दुसऱ्यावर जायला दोन सेकंद लागत नाहीत. चूक डोळ्यांची असते, ती डोळ्यांनी दाखवता येते. विकला म्हणायचं तर कुणी दिले, कुणी घेतले, कधी, हे माहीत असावं लागतं. तुमच्या यजमानांना ह्यातलं काही माहीत आहे का? असेल तर स्टेटस ही त्याची जागा नाही, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांमार्फत फुटबॉल संघटनेकडं लेखी द्यावं. नसेल, तर आज हे उत्तर वाचून झालं की तो फोटो काढायला सांगा. स्टेटस चोवीस तासांनी जातं म्हणतात, पण स्क्रीनशॉट जात नाहीत. आणि एखाद्याचा फोटो लावून पुराव्याशिवाय असं लिहिणं ही कायद्यानं बदनामी ठरू शकते, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ त्यासाठीच आहे. कायद्याचं एक वेळ सोडा. त्या लाइन्समनच्या घरीही कुणी सहावीत, आठवीत असेल.

तुमच्या मुलाला मॅराडोनाची गोष्ट सांगा, अर्जेंटिनाचा विषय त्यानंच काढलाय म्हणून. १९८६ चा विश्वचषक, मेक्सिको सिटीतलं अझ्टेका स्टेडियम, २२ जून, इंग्लंडविरुद्ध क्वार्टर फायनल. मॅराडोनानं चेंडू हातानं गोलमध्ये ढकलला. सगळ्या जगाला टीव्हीवर दिसलं. ट्युनिशियाचे पंच अली बेन्नासर ह्यांना दिसलं नाही, लाइन्समननंही झेंडा दाखवला नाही, गोल दिला गेला आणि इंग्लंड दोन-एकनं हरलं. तोच इंग्लंड संघ २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत जर्मनीविरुद्ध खेळताना लॅम्पार्डचा फटका बारला लागून रेषेच्या चांगला आत पडला आणि गोल दिलाच नाही. अगदी माझ्या त्या मॅचसारखं. त्यानंतरच २०१४ च्या विश्वचषकात गोलरेषेवर कॅमेऱ्यांची यंत्रणा आली, आणि २०१८ मध्ये व्हिडिओ बघून निर्णय तपासणारे वेगळे पंच आले. जगातले सगळ्यांत चांगले पंच चुकत होते म्हणून एवढा खटाटोप करावा लागला. आपल्याकडं दोन माणसं आणि दोन झेंडे, एवढ्यावरच सगळं चालतं.

आणि बेन्नासरांचं पुढं काय झालं, तेही सांगा. २०१५ मध्ये मॅराडोना ट्युनिशियात त्यांच्या घरी गेला, त्यांना मिठी मारली आणि स्वतःची सही केलेला अर्जेंटिनाचा टी-शर्ट भेट दिला. ज्याच्या चुकीचा फायदा झाला त्यानं जाऊन भेटणं सोपं असतं, हे मी मान्य करतो. इंग्लंडच्या एखाद्या खेळाडूनं ते केलं असतं तर त्याला मी अजून मोठं मानलं असतं.

आता शाळेत दहा-बारा पोरं घेऊन जायचं, ह्याबद्दल. नको. अजिबात नको. अन्याय झाला म्हणून रागाच्या भरात पाऊल टाकलं की अन्याय मागं राहतो आणि पाऊलच लक्षात राहतं. ३ मार्च २०२३ ला बेंगळुरूत आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, बाद फेरीच्या सामन्यात जादा वेळेत बेंगळुरूच्या सुनील छेत्रीनं समोरच्या खेळाडूंची भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारली आणि पंचांनी गोल दिला. केरळ ब्लास्टर्सच्या प्रशिक्षकांनी चिडून सगळा संघ मैदानाबाहेर नेला. गोल बरोबर की चूक ह्यावर लोक अजून भांडतात. पण सामना बेंगळुरूला दिला गेला, ब्लास्टर्सला चार कोटींचा दंड झाला, प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी आली. आपल्या कुस्तीतलंही बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या वेळी पंचांच्या निर्णयावरून एका मल्लानं पंचांना लाथ मारली. त्याच्यावर आणि दुसऱ्या एका मल्लावर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. खांदे टेकले होते की नव्हते, हा मूळ प्रश्न त्या लाथेखाली गाडला गेला.

कोल्हापूरच्या माणसाला हे जास्त लागायला हवं असं मला वाटतं. आपल्या कितीतरी फुटबॉल संघांच्या नावातच तालीम आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. ज्या आखाड्यात आपले आजे-पणजे लाल माती अंगाला लावून घुमले, तिथूनच ही फुटबॉलची ईर्षा आली. आणि आखाड्याची रीत काय? कुस्तीआधी हात मिळवायचा, चितपट झालेल्यानं उठून समोरच्याचा हात हातात घ्यायचा. ही ईर्षा मला प्रिय आहे, ती जाऊ नये. पण हात मिळवायचं सोडून नुसती ईर्षा ठेवली, तर ती तालमीची राहत नाही.

तुमच्या मुलाला दहा-बारा माणसं शाळेत आली तर काय मिळेल, ते बघा. मुख्याध्यापकांना मग आठवीतल्या एका पोराची तक्रार दिसणार नाही, पेठ चालून आली एवढंच दिसेल. टी-शर्ट कदाचित मिळेल. पण त्याला त्याच शाळेत अजून दोन वर्षं काढायची आहेत, आणि ती पोरं काही रोज त्याच्या बाकावर येऊन बसणार नाहीत.

तुम्ही दोघंच जा. नवरा-बायको. आधी फोन करून वेळ घ्या. आणि त्याच्याही आधी एक गोष्ट करून जा. ज्याचा ओठ फुटला त्याच्या घरी मुलाला घेऊन जा आणि त्याला स्वतःच्या तोंडानं माफी मागू द्या. तुम्ही बोलू नका, त्याला बोलू द्या. डिवचलं होतं हे खरं, पण हात त्यानं उचलला. झेंडा चुकीचा वर गेला असेल, पण ओठ झेंड्यानं फोडला नाही. हे केल्याशिवाय शाळेत गेलात तर तुमच्या बोलण्याला वजन राहणार नाही.

मग शाळेत मोकळेपणानं बोला. आमचं पोरगं चुकलं, हे पहिल्या वाक्यात सांगून टाका. त्यानंतर बाईंना शांतपणे, शक्यतो वर्गाबाहेर, हे सांगा की तेरा वर्षांच्या मुलाला चाळीस पोरा-पोरींसमोर अंगातला टी-शर्ट उतरवायला लावणं बरोबर नव्हतं. वरचा शर्ट परत घालायला लावून ऑफिसात पाठवता आलं असतं, पालकांना बोलावून टी-शर्ट त्यांच्या हातात देता आला असता. शिक्षक म्हणून मी हे ठामपणे लिहितो. मारामारीची शिक्षा मारामारीला असावी, पोराला सगळ्यांसमोर उघडं करण्याचं काही कारण नव्हतं. बाईही त्या दिवशी घाबरल्या असतील, रक्त बघून कोणीही घाबरतं, तेवढं समजून बोला. आणि टी-शर्ट मागून घ्या. तो तुमचा आहे. महिनाभर कपाटात ठेवायचं काही कारण नाही.

बंदीबद्दल मात्र मी शाळेच्या बाजूनं आहे, आणि मुलाला ह्याचं कारण द्यायला हवं. अर्जेंटिनाचा चालतो मग पेठेचा का नाही, हा प्रश्न त्यानं फार नेमका विचारलाय. खरं उत्तर असं आहे की अर्जेंटिनाचा टी-शर्ट घालणारा, मला काय आवडतं ते सांगतो. पेठेचा टी-शर्ट घालणारा, मी कुठला ते सांगतो. विश्वचषकाच्या वेळी आपल्या चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे कटआउट लागतात, पोरं दोन आठवडे एकमेकांना चिडवतात आणि मग सगळं उतरतं. पेठ उतरत नाही. ती घरचा पत्ता आहे, गणपती आहे, भावकी आहे. म्हणूनच तो टी-शर्ट इतका जवळचा, आणि म्हणूनच तो वर्गात आला की बाकाबाकांमध्ये हद्दी पडतात. ज्या पोराची पेठ हरली त्याला त्या दिवशी गणित येत नाही, आणि जो कुठल्याच पेठेचा नाही, उपनगरातून किंवा खेड्यातून एसटीनं येतो, त्याला कुणी विचारतच नाही. असे पोरगे मी खूप बघितलेत, मागच्या बाकावर, काही न बोलता.

पण नियम करायचा तर सगळ्यांना सारखा. क्रीडादिनाला अर्जेंटिना चालणार असेल तर पेठ का नको, ह्याचं उत्तर शाळेनं मुलांना द्यायला हवं, नाहीतर त्या दिवशीही सगळ्यांनी शाळेचाच टी-शर्ट घालावा. तुम्ही मुख्याध्यापकांना एवढंच म्हणा की नियम सगळ्या संघांना लागू असल्याचं पालकांना लेखी कळवा. ह्याला कुठलेही मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत.

आणि शाळेचा संघ आहे का, ते विचारा. सुब्रतो मुखर्जी चषक १९६० पासून शाळांसाठीच खेळला जातो, खालच्या पातळीवरचे सामने खेळत संघ वर जातात. मी संघ बांधायचो तेव्हा मुद्दाम एका पेठेचा लेफ्ट बॅक आणि दुसऱ्या पेठेचा लेफ्ट विंग लावायचो. पहिले दोन आठवडे एकमेकांना पास देत नसत. तिसऱ्या आठवड्यात एकानं दिला, कारण दुसरा मोकळा होता आणि पास न देणं म्हणजे गाढवपणा झाला असता. त्यानंतर मला काही सांगावं लागलं नाही. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात भारताच्या संघात आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुढं खेळत होता. त्याला बघताना आमच्या गल्लीत कुणी त्याची पेठ काढली नाही. तुमचा लेक खेळत असेल तर त्याला शाळेच्या संघाच्या निवडीला पाठवा. खेळत नसेल तर झेंडा घेऊन लाइनवर उभा राहायला सांगा. सरावाच्या मॅचला प्रत्येक शिक्षकाला एक झेंडेवाला हवाच असतो. दोन शनिवार केलं की तो तुम्हाला येऊन सांगेल, हे किती अवघड आहे ते.

राहिला मामा. खरं तर मला तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त हेच लागलं. पंच परका, शाळा परकी म्हणता येईल, पण मामाला परकं करून कसं चालेल? मुलाला जबरदस्तीनं तिकडं नेऊ नका आणि फोन हातात कोंबू नका. भावाला तुमच्या घरी बोलवा. येण्याआधी त्याला एकटीनं, खरं खरं विचारा, की दादा, तुला काय वाटतं, तो गोल होता का? त्यानं पण मॅच बघितली असणारच. तो जिंकलेल्या बाजूचा आहे, त्याला खोटं बोलायचं कारण नाही. तो "नव्हता" म्हणाला तर विषय काढू नका, जेवण करून गप्पा मारा. पण तो जर म्हणाला, "अगं, मला तर गोलच वाटला," तर त्याला सांगा की हे भाच्याला सांग. स्वयंपाकघरात, जेवताना, साधेपणानं. जिंकलेल्या पेठेच्या माणसानं "तुमचा गोल होता बहुतेक, आमचं नशीब" एवढं म्हटलेलं त्या पोराला महिनाभराच्या स्टेटसनं जे मिळालं नाही ते देईल. मग वाट्या मांडून मामालाही एक डोळा मिटून बसवा.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या. त्यांचा राग मला कळतो, मीही गॅलरीत बसून घसा बसेपर्यंत ओरडलेला माणूस आहे. त्यांनी मुलाला मॅचला नेलं, शेजारी बसवलं, हे फार चांगलं केलं. पुढच्या वेळीही न्यावं. फक्त झेंडा वर गेला की तोंडातून पहिला शब्द कुठला निघतो, तो शेजारी बसलेलं पोरगं ऐकत असतं.

टी-शर्ट परत आला की लगेच धुवा, महिनाभर घडी घालून पडलाय. उलटा करून, थंड पाण्यात, हातानं, नाहीतर पाठीवरचा नंबर सोलून निघतो. दोरीवर सावलीत वाळत घाला. रविवारी लागेल.